मजकूर आधी, देखावा नंतर : प्रकाशन व्यवसायातल्या सॉफ्टवेअरचा आढावा

एखाद्या मराठी मासिकाच्या किंवा प्रकाशनसंस्थेच्या कार्यालयात आज एकाच लेखाच्या किती फाइली असतात ते मोजून पाहावे. लेखकाने ईमेलने पाठवलेली वर्डची एक, संपादकाने हात फिरवलेली दुसरी, अक्षरजुळणी करणाऱ्याच्या संगणकावर इनडिझाइनमध्ये मांडलेली तिसरी, छापखान्याला गेलेली पीडीएफ चौथी आणि संकेतस्थळावर चिकटवलेली पाचवी. यांतली अंतिम कोणती, असे विचारले की बहुतेक जण छापील अंकाकडे बोट दाखवतात. ते बरोबरही असते, कारण शेवटच्या प्रुफातल्या दुरुस्त्या फक्त तिसऱ्या फाइलीत झालेल्या असतात. संकेतस्थळावरच्या वाचकाला मात्र दुरुस्त्यांच्या आधीचा मजकूर मिळतो, आणि पुढे कोणी संशोधक त्यातूनच अवतरणे उचलतो.

सॉफ्टवेअर निवडण्याची चर्चा या गोंधळापासून सुरू व्हायला हवी. प्रत्यक्षात ती सुरू होते थीम कोणती, मुखपृष्ठ कसे दिसेल, मोबाइलवर पान किती झटकन उघडेल, वर्षाला खर्च किती, इथून. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यांची उत्तरे दोन-तीन वर्षांत शिळी होतात. मजकूर मात्र राहायला हवा. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली काढलेला ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक ज्याच्या हाती लागेल त्याला आजही वाचता येतो. नव्वदच्या दशकात पेजमेकरवर जुळवलेला दिवाळी अंक त्याच्या मूळ फाइलीतून आज उघडून वाचणे फार अवघड झाले आहे. म्हणून या आढाव्यात प्रत्येक पर्यायाला मी एकच प्रश्न आधी विचारतो : यात घातलेला मजकूर, शीर्षके, तळटीपा, लेखकाचे नाव अशा सगळ्या रचनेसकट दहा वर्षांनी दुसरीकडे नेता येईल का?

मराठी प्रकाशकाच्या बाबतीत या प्रश्नाला एक जुने ओझे चिकटलेले आहे. आल्डस कंपनीचे पेजमेकर १९८५ साली आले, १९९४ मध्ये आल्डस अडोबीने घेतली आणि २००१ मध्ये पेजमेकरची सातवी, शेवटची आवृत्ती निघाली. त्याला युनिकोडमधली देवनागरी कधीच कळली नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, बंगळुरूहून आलेले आकृती यांनी ही अडचण सोडवली ती रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवून. प्रत्येकाचा तक्ता वेगळा. सरकारी पातळीवर इस्कीचे प्रमाणक १९९१ मध्ये आले, त्याच वर्षी देवनागरीला जागा देणारी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. पण छपाईचा सारा व्यवहार फॉन्ट कंपन्यांच्या तक्त्यांवरच चालला. त्या काळात दुसरा व्यवहार्य रस्ता नव्हता, आणि त्या फॉन्टांमुळेच मराठी छपाई खिळ्यांतून संगणकावर आली, हे ऋण मान्यच करायला हवे.

आज त्याची किंमत अशी मोजावी लागते. त्या फाइलीत पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी संगणकाच्या लेखी तिथे भलतेच रोमन चिन्ह असते. त्यामुळे शोध चालत नाही आणि फॉन्ट हरवला की पानभर निरर्थक चिन्हे उरतात. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांना दोन ठिकाणी विशेष कसरत करावी लागते. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी दिसते तशी, व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे उलट : तो जुन्या फॉन्टात अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. ‘कीर्ती’, ‘वर्तमान’, ‘निर्मिती’ असे शब्द म्हणूनच रूपांतरात सर्वाधिक मोडतात. चुका थोड्या असल्या तरी त्या कुठे आहेत हे पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही, आणि वाचायला चांगला मुद्रितशोधक लागतो. नव्या व्यवस्थेकडे जाताना सर्वांत मोठा खर्च हाच असतो, आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या अंदाजपत्रकात त्याची ओळ क्वचितच दिसते.

माझे मत असे की सगळा जुना साठा एकदम रूपांतरित करण्याच्या मागे लागू नये. जी पुस्तके पुन्हा छापायची आहेत, ज्या अंकांची वाचक सतत विचारणा करतात, ती आधी घ्यावीत. बाकीच्यांसाठी मूळ फाइल, तिच्यासोबत त्या फॉन्टची फाइल आणि एक पीडीएफ असा संच नीट जपून ठेवावा. फॉन्ट जपणे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. तो गेला की रूपांतराचा तक्ताच गेला. खिळ्यांच्या काळातल्या पुस्तकांसाठी स्कॅन करून अक्षरओळख करावी लागते. टेसरॅक्ट या मुक्त साधनात मराठीची सोय आहे. स्वच्छ छपाईवर ते उपयोगी पडते, झिजलेल्या खिळ्यांच्या पुसट पानांवर अडखळते.

आता मांडणीच्या सॉफ्टवेअरकडे. १९९९ साली आलेल्या इनडिझाइनने पेजमेकरची जागा घेतली आणि आज मराठी नियतकालिकांत त्याचाच वापर मोठा आहे. देवनागरीसाठी परिच्छेदाच्या रचनेत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. मे २०१३ मध्ये अडोबीने जाहीर केले की एकदा विकत घेऊन कायम वापरायची आवृत्ती यापुढे निघणार नाही. सीएस ६ ही तशी शेवटची. तेव्हापासून हे सॉफ्टवेअर भाड्याने आहे, आणि भाडे थांबले की आपल्याच फाइली उघडेनाशा होतात. यावर एक साधा उपाय आहे : प्रत्येक अंक छापायला गेला की त्याची आयडीएमएल प्रतही काढून ठेवावी. नव्या आवृत्तीतली मूळ फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आयडीएमएल उघडते; शिवाय ती आतून एक्सएमएल असल्याने इतर साधनांनाही वाचता येते.

मुक्त सॉफ्टवेअरपैकी स्क्रायबसने जानेवारी २०२४ च्या १.६ आवृत्तीपर्यंत जटिल लिप्यांची सोय बरीच सुधारली आहे. सरळ मजकुराच्या पुस्तकाला ते चालावे. पण ज्या कार्यालयात इनडिझाइनवर वर्षानुवर्षे हात बसलेला ऑपरेटर आहे आणि अंक चित्रांनी भरलेला आहे, तिथे बदलून फारसे हाती लागणार नाही. शब्दकोश, संशोधनग्रंथ, पानोपानी तळटीपा असलेली पुस्तके यांच्यासाठी मात्र झीटेकचा विचार जरूर व्हावा. जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये पुढे आणलेले हे साधन साध्या मजकुराच्या फाइलीतून पाने जुळवते. ती साधी फाइल पन्नास वर्षांनीही उघडेल.

सॉफ्टवेअरच्या नावापेक्षा एक सवय अधिक निर्णायक ठरते, ती परिच्छेद-शैलींची. शीर्षक ठळक आणि मोठे करून ऑपरेटर पुढे गेला, तर वाचकाला ते शीर्षक दिसते पण संगणकाला तो फक्त मोठ्या अक्षरांतला परिच्छेद असतो. उपशीर्षक, लेखकाचे नाव, कवितेची ओळ, तळटीप यांना स्वतंत्र शैली दिल्या, तर त्याच फाइलीतून ईपब आणि संकेतस्थळाचा मजकूर थेट काढता येतो. ईपब हे २००७ पासूनचे खुले प्रमाणक, त्याची तिसरी आवृत्ती २०११ ची, आणि २०१७ पासून ते वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीकडे आहे. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरात सुरू झाली, तेव्हापासून ई-पुस्तक ही छोट्या प्रकाशकाच्याही आवाक्यातली गोष्ट आहे. शैली न वापरता जुळवलेल्या पुस्तकाचे ई-पुस्तक करायला मात्र जवळजवळ नव्याने काम करावे लागते. शैली वापरल्या की सुरुवातीला सांगितलेला पाच फाइलींचा घोळही सुटतो : संकेतस्थळाचा मजकूर शेवटच्या प्रुफानंतरच, मांडणीच्या फाइलीतून काढायचा, असा नियम करता येतो.

संकेतस्थळामागच्या मजकूर व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरची नावे पुष्कळ आहेत, घराणी मात्र थोडी. वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बी२ नावाच्या आधीच्या सॉफ्टवेअरमधून पुढे नेले. आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांमागे ते आहे. द्रुपल त्याच्याही आधीचे, २००१ चे, बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट यांचे. जुमला २००५ मध्ये माम्बोपासून फुटून निघाले. घोस्ट २०१३ मध्ये लोकवर्गणीतून उभे राहिले आणि ना-नफा संस्थेकडे आहे. ही सगळी मुक्त स्रोताची. दुसरीकडे विक्ससारख्या भाडोत्री सेवा, जिथे सगळे तयार मिळते. आणि तिसरा प्रकार ओळखीच्या प्रोग्रामरकडून खास बनवून घेतलेल्या व्यवस्थेचा.

या घराण्यांच्या इतिहासात गुणवत्तेपेक्षा मला एक वेगळी गोष्ट शिकण्यासारखी वाटते. २००४ पर्यंत मूव्हेबल टाइप या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरचा दबदबा होता. त्या वर्षी तिसऱ्या आवृत्तीसोबत परवान्याच्या अटी आणि दर बदलले, आणि असंख्य वापरकर्ते वर्डप्रेसकडे वळले. द्रुपल ७ जानेवारी २०११ मध्ये आले आणि ५ जानेवारी २०२५ ला त्याचा आधार संपला. त्यावरून पुढच्या आवृत्तीवर जाणे म्हणजे जवळजवळ संकेतस्थळ नव्याने बांधणे होते. व्हाइट हाउसचे संकेतस्थळ २००९ मध्ये द्रुपलवर गेले, २०१७ मध्ये वर्डप्रेसवर आले. व्हॉक्स मीडिया या वृत्तसमूहाने कोरस हे स्वतःचे सॉफ्टवेअर घडवले, इतरांना भाड्यानेही दिले, आणि अखेर तेही बाजूला ठेवून वर्डप्रेस स्वीकारले. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात वाद पेटला, कंपनीची वर्डप्रेस डॉट ऑर्गपर्यंतची वाट बंद केली गेली, तिच्या ग्राहकांची अद्ययावतीकरणे अडली, आणि डिसेंबरात न्यायालयाच्या आदेशाने ती वाट पुन्हा उघडली. पैसा आणि माणसे असलेल्यांनाही घर बदलावे लागते. दोन-तीन माणसांच्या मराठी प्रकाशनसंस्थेने तर पहिल्या दिवसापासूनच निघण्याचा रस्ता पाहून ठेवायला हवा.

त्या कसोटीवर चित्र बरेच स्पष्ट होते. वर्डप्रेसमधून सगळा मजकूर एका एक्सएमएल फाइलीत निघतो. पण त्यात चित्रांचे फक्त पत्ते असतात, चित्रे नसतात, ती वेगळी उतरवावी लागतात. घोस्टही मजकूर एका फाइलीत देते. द्रुपलमध्ये लेखक, अंक, लेखमाला, विषय यांचे आपापसातले संबंध फार चांगले बांधता येतात आणि लेख मसुद्यापासून प्रकाशनापर्यंत टप्प्याटप्प्याने नेण्याची सोय मुळातच आहे. मात्र सगळे एका बटणात बाहेर काढण्याची सोय नाही, जाणकार लागतो. विक्सवरचे संकेतस्थळ उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही, हे ती कंपनीच सांगते. एका पुस्तकाच्या प्रसिद्धीपुरत्या पानाला ते चालेल. पन्नास वर्षांचे मासिक मी तिथे ठेवणार नाही.

वर्डप्रेस घेतले तरी एक सापळा उरतो, तो पाने सजवणाऱ्या ‘पेज बिल्डर’ प्लगइनांचा. त्यांतली काही आपले संकेत मजकुरातच चौकटी कंसांत पेरतात. प्लगइन काढले की लेखभर ते कंस उरतात. २०१८ च्या अखेरीस आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून वर्डप्रेसचा स्वतःचा ठोकळ्यांचा संपादक आहे. साहित्यिक नियतकालिकाला तेवढा पुरतो. खास बनवून घेतलेल्या व्यवस्थेबद्दल माझा सल्ला कडक आहे : बनवणारा एकटा माणूस असेल तर घेऊ नये. तो परदेशी गेला, नोकरीला लागला, आजारी पडला, की संस्थेचा मजकूर त्याच्या सवडीचा होतो. मजकूर एकीकडे आणि दर्शनी भाग दुसरीकडे ठेवणाऱ्या, ज्यांना ‘हेडलेस’ म्हणतात अशा व्यवस्था संकेतस्थळ, ॲप आणि इतर ठिकाणी एकच मजकूर पुरवणाऱ्या मोठ्या वृत्तसमूहांसाठी योग्य. कायमचा प्रोग्रामर पदरी नसेल तर तिकडे पाहू नये.

मराठीसाठीची चाचणी वेगळी घ्यावी लागते, आणि ती कोणताही विक्रेता आपणहून दाखवत नाही. ‘वऱ्हाडातल्या दऱ्याखोऱ्यांत ॲडव्होकेट’ असे एक वाक्य टाकून पाहावे. ‘ॲ’ लिहिण्याचे निदान तीन मार्ग आहेत : २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेले स्वतंत्र अक्षर, ‘अ’ला चंद्र जोडून, आणि त्या दोहोंच्या मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. ‘ऱ्य’सुद्धा दोन प्रकारे लिहिला जातो. डोळ्यांना सगळे सारखे. साध्या शोधाला ते वेगवेगळे शब्द. लेखक मोबाइलवर एका कळफलकाने लिहितात, ऑपरेटर इनस्क्रिप्टने, आणि शोधताना निम्मे लेख गायब होतात. मजकूर आत येतानाच तो एका रूपात आणणारी छोटी चाळणी बसवणे हा यावरचा उपाय आहे, आणि कुठल्याही प्रोग्रामरला तो लवकर करता येतो.

सूचीचेही असेच. युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या मागोमाग येतो, क्ष आणि ज्ञ हे क आणि ज मध्ये मिसळतात, आपल्या वर्णमालेत हे तिघे शेवटी. लेखकसूची अकारविल्हे हवी असेल तर क्रम मराठीचा लावला आहे का, हे विचारावे. पत्त्यांची अडचण आणखी मोठी आहे. वर्डप्रेस देवनागरी शीर्षक पानाच्या पत्त्यात टक्केचिन्हांच्या संकेतांत साठवते. प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी आणि हलन्त यांना नऊ-नऊ चिन्हे लागतात, मर्यादा आहे २०० ची, म्हणून बाविसाव्या खुणेला पत्ता तुटतो. लेख पाठवताना तो लांबच लांब दिसतो तो वेगळाच. प्रत्येक लेखाला रोमनमध्ये छोटा पत्ता हाताने द्यावा, हे बरे. आणि फॉन्ट मराठी वळणाचा घ्यावा. टिरो देवनागरी मराठी यासारखे फॉन्ट विनामूल्य मिळतात, त्यांत ‘ल’ आणि ‘श’ आपले दिसतात.

वर्गणी ऑनलाइन घ्यायची असेल तर निवड आणखी आक्रसते. घोस्टची सशुल्क सभासदत्वाची सोय सुंदर आहे, पण ती स्ट्राइप या पेमेंट सेवेवर उभी आहे, आणि भारतात स्ट्राइप २०२४ पासून केवळ निमंत्रितांनाच खाते देते. आपला वर्गणीदार यूपीआयने पैसे भरतो. वर्डप्रेसवरच्या वूकॉमर्सला भारतीय पेमेंट गेटवे सहज जोडता येतात, त्यामुळे इथल्या प्रकाशकाला तोच रस्ता मोकळा आहे. आपण स्वतः परदेशी सेवांचे भाडे भरतो तेव्हाही काळजी घ्यावी. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप होणाऱ्या पुनरावृत्त वसुलीला ग्राहकाची नोंदणीकृत संमती लागते. संमती नसलेले पैसे जात नाहीत आणि सेवा बंद पडते. होस्टिंग आणि डोमेन यांचे पैसे वर्षाचे एकदम भरावेत. वर्गणीदारांचे पत्ते आणि फोन क्रमांक आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात. ती यादी कार्यालयातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर असण्याचे कारण नाही.

सुरक्षेबद्दल एकच प्रसंग पुरे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपल ७ मधली एक गंभीर फट जाहीर झाली. नंतर द्रुपलच्याच सुरक्षा पथकाने कळवले की जाहीर झाल्यापासून सात तासांत ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ फोडले गेले आहे असेच धरून चालावे. सात तासांत दुरुस्ती बसवणारा माणूस आपल्याकडे आहे का? नसेल तर दुरुस्त्या आपोआप बसतील अशी सोय हवी. वर्डप्रेसमध्ये लहान आवृत्त्यांसाठी ती २०१३ पासून आहे. वर्डप्रेसची बहुतेक भगदाडे प्लगइनांतून पडतात, तेव्हा ज्याच्याशिवाय अडत नाही तेवढेच प्लगइन ठेवावे. बॅकअप घेणे पुरत नाही, तो दुसऱ्या संगणकावर उतरवून संकेतस्थळ खरोखर उभे राहते का, हे वर्षातून एकदा करून पाहायला हवे.

करारात काय असावे याबद्दल छोटे प्रकाशक फार भिडस्त असतात. डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर नोंदलेले असावे, विकासकाच्या नव्हे. होस्टिंगचा आणि मुख्य व्यवस्थापकाचा पासवर्ड संस्थेकडे असावा. काम सोपवण्याआधी एक तास मागावा : चित्र, तळटीप आणि दोन लेखक असलेला एक लेख समोर भरायला सांगावा, तो बाहेर काढायला सांगावा, आणि कोऱ्या संकेतस्थळात पुन्हा घालून दाखवायला सांगावा. त्या तासात तळटीपा गळतात की राहतात, दुसऱ्या लेखकाचे नाव उरते की नाही, हे समोरच दिसते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून हे कधीच कळत नाही.

या सगळ्यातून सर्वसाधारण मराठी मासिकाला किंवा प्रकाशनसंस्थेला मी सुचवीन ते असे : छपाईसाठी आहे तेच इनडिझाइन, पण शैलींच्या शिस्तीने, संकेतस्थळासाठी साध्या थीमचे वर्डप्रेस, आणि या दोन्हींच्या बाहेर, वर्षवार फोल्डरांत, प्रत्येक अंकाचा अंतिम युनिकोड मजकूर, आयडीएमएल आणि पीडीएफ. अनेक दशकांचे अंक लेखक-विषय-वर्ष असे उलगडून दाखवायचे असतील आणि जाणकार माणूस नेमण्याची ऐपत असेल, तर द्रुपल.

बदलाची वेळ दिवाळी अंकाच्या वेळापत्रकावरून ठरवावी. गणपतींपासून दिवाळीपर्यंत कोणीही मान वर करून पाहत नाही, आणि त्यानंतर हिशेब, वर्गणीची नूतनीकरणे, प्रदर्शने. संक्रांतीनंतरचे दोन-अडीच महिने मोकळे असतात. तेव्हा नव्या व्यवस्थेत आधी मागच्या वर्षाचाच एक अंक पूर्ण भरून पाहावा, मुद्रितशोधकाकडून छापील प्रतीशी ताडून घ्यावा, आणि चालू अंक गुढीपाडव्यानंतर तिकडे न्यावा. पुढची दिवाळी पार पडेपर्यंत जुन्या सर्व्हरचे भाडे भरत राहावे.